शब्दचर्चा: वालुकाश्मातल्या 'डिफॉर्मेशन बँड'ला काय म्हणावं?

सीनाकाठ: वळ्या पडलेल्या वालुकाश्मावरच्या मजकुरात 'डिफॉर्मेशन बँड'पाशी (ताणदाबाने खडकात पडणारी अरुंद पट्टी) अडलोय. 'विरूपणपट्टी' फार कोशातला वाटतो. सरळ 'भेग' लिहिलं तर?

कातळ: नको, अर्थ उलटा होईल. सोलापूरकडे बोअर घेताना काळ्या पाषाणात भेग लागली म्हणजे पाण्याची आशा. भेगेला फट असते. सच्छिद्र वालुकाश्मात या पट्टीत बहुधा फट मिटते. कण सरकतात, फुटतात, मधली पोकळी भरून जाते. जाडी मिलिमीटरभर ते काही सेंटिमीटर, दोन बाजूंची सरकही तेवढीच. पार्यता, म्हणजे पाणी आरपार जाऊ देण्याची क्षमता, मात्र दहापट ते हजारपट घटते, कधी त्याहूनही जास्त.

माळढोक: आपल्या मांजऱ्यालाही, म्हणजे भोकाभोकांच्या बेसॉल्टलाही, भोकं असतात की. तोही सच्छिद्रच ना?

कातळ: 'सच्छिद्र' शब्द इथे फसवतो खरा. मांजऱ्यातली भोकं वायूच्या बुडबुड्यांची. बरीचशी झिओलाइट या खनिजाने भरलेली, एकमेकांना क्वचित जोडलेली. वालुकाश्मातली पोकळी दोन कणांमधली. ती साधारण १५ टक्क्यांच्या वर असली की कणांना हलायला जागा मिळते आणि पट्टी पडते. त्याहून घट्ट खडक सरळ तडकतो.

उखळ: मग दोन शब्द लागतील. पायलीत ज्वारी भरून ठोकली की दाणा न फुटता खाली बसते, तसं उथळ, भुसभुशीत थरात होतं. १ ते ३ किलोमीटर खोल गाडलेल्या थरात शेंगाचटणीचं कुटणं: दाणा फुटतो, भुगा फटीत बसतो, गोळा घट्ट होतो. पहिलीला 'चेपपट्टी', दुसरीला 'कुटपट्टी' म्हणू.

कातळ: 'कुटपट्टी' झकास. 'चेपपट्टी' मात्र राखून ठेवा. बाजू न सरकता नुसत्या दाबल्या जातात आणि पट्टी सर्वांत मोठ्या दाबाला काटकोनात पडते, तिच्यासाठी तो हवा. युटामधल्या नावाहो वालुकाश्मात आणि नेव्हाडातल्या अ‍ॅझ्टेक वालुकाश्मात तशा आहेत. नुसते कण सरकलेली ती 'सरकपट्टी'. सगळ्यांना मिळून 'विरूपणपट्टी'च ठेवा, कारण काहींत पोकळी वाढते, तिथे 'चेप' खोटा ठरतो.

माळढोक: मग 'भ्रंश' (फॉल्ट) कधी म्हणायचं?

कातळ: कुटलेला भाग शेजारच्या खडकाहून कणखर होतो, म्हणून पुढची सरक तिथे न होता बाजूला नवी पट्टी पाडते. अशा डझनावारी साठल्या आणि त्यांच्या कडेने गुळगुळीत घसरपृष्ठ फुटलं, की भ्रंश. एकट्या पट्टीला भ्रंश म्हणणं ही नेहमीची चूक. उघड्या खडकावर ओळखायला सोपं आहे: कुटपट्टी झिजेला दाद देत नाही, बारीक पांढरट वरंब्यासारखी उभी राहते, भेगेची खाच होते.

भेगाही येतातच, पण बहुधा उशिरा. साधारण ९० अंश सेल्सिअसच्या वर क्वार्ट्झ कणांभोवती साचून पोकळी भरतो आणि तोच थर ठिसूळ होतो. मग वळीच्या बाहेरच्या, ताणलेल्या बाजूला अक्षाशी समांतर भेगा पडतात. भेग पट्टीला छेदून गेली असेल तर भेग नंतरची.

सीनाकाठ: आणि 'घडी' की 'वळी'?

उखळ: वळीच. घडी चादरीची, ती घालावी लागते. वळी पडते.

सीनाकाठ: चित्राखाली असं लिहितो: 'वळीच्या तीव्र उताराच्या भुजेवर (बाजूवर) कुटपट्ट्यांचे झुपके, त्यांना छेदणाऱ्या भेगा नंतरच्या.'

कातळ: 'झुपके' काढा. पट्ट्या एकमेकींना बऱ्याच समांतर असतात. मेथीची असते तशी 'जुडी' लिहा.