मदत हवी आहे : प्रकाशयोजनेची पुस्तकं सार्वजनिक ग्रंथालयात कुठल्या कपाटात असतात?

नमस्कार मंडळी,

आमच्या हौशी गटाचं दोन अंकी नाटक सात आठवड्यांवर आलंय आणि या वेळी प्रकाशयोजना माझ्याकडे आहे. आजवर मी विंगेतून प्रॉम्प्टिंग केलं, दिव्यांना कधी हात लावलेला नाही. म्हणून ग्रंथालयात गेले. 'नाटक' अशी पाटी असलेल्या कपाटात सगळ्या संहिताच निघाल्या. प्रकाशावर एकही पुस्तक नाही. संगणकावरच्या सूचीत 'प्रकाश' टाकलं तर भौतिकशास्त्राची पुस्तकं आली. नेपथ्यावरचं एक मोठं सचित्र पुस्तक दिसलं, पण त्यावर 'संदर्भ' असा शिक्का, म्हणजे घरी नेता येत नाही.

दुसरी अडचण संहितेची. प्रत एकच आहे आणि आम्ही नऊ जण. झेरॉक्स काढायला मन धजत नाही.

आणि एक वेगळंच विचारायचंय. त्या प्रतीच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं हालचाली लिहून ठेवल्यात. दुसऱ्या अंकात आई पत्र वाचते, तिथे लिहिलंय, 'खुर्चीमागे जा, बसू नकोस'. त्याखाली 'थांब', दोनदा अधोरेखित. नाटक मी चारदा वाचलं होतं, पण तो प्रसंग मला त्या 'थांब'मुळे कळला. पुस्तक परत करताना हे खोडायचं का?

प्रतिसाद १

ताई, मी ग्रंथालयातच काम करते. तुमचा घोळ वर्गीकरणाचा आहे. दशांश पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देण्याच्या पद्धतीत, संहिता हे साहित्य धरतात, म्हणून ती ८०० च्या वर्गात भाषेप्रमाणे लागते. मराठी नाटक ८९१.४६२. नाटक उभं कसं करायचं याची पुस्तकं मात्र पार दुसरीकडे, ७९२ मध्ये. त्यात नेपथ्य आणि प्रकाश ७९२.०२५, वेशभूषा ७९२.०२६, रंगभूषा ७९२.०२७, अभिनय ७९२.०२८. लहान ग्रंथालयात नुसतं ७९२ एवढंच लिहिलेलं असतं, तेव्हा तो अख्खा खण चाळा. दिव्यांच्या तंत्राची काही पुस्तकं ६२१.३२ ला, विजेच्या कपाटातही सापडतात. नृत्य शोधणाऱ्यांची तर आणखी धावपळ होते : रंगमंचावरचं ७९२.८ आणि लोकनृत्य ७९३.३१.

सूचीत 'प्रकाशयोजना', 'रंगमंच', 'नेपथ्य' असे शब्द टाका. तरीही नाहीच मिळालं तर आंतरग्रंथालयीन देवघेवीची सोय आहे का ते विचारा. दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक मागवता येतं, पण वेळ लागतो, तेव्हा आजच अर्ज द्या. नऊ प्रतींसाठीही हाच मार्ग. काही ठिकाणी नाट्यगटांसाठी एकाच नाटकाच्या पुष्कळ प्रती ठेवलेल्या असतात. अख्ख्या संहितेची झेरॉक्स नकोच. आणि पुस्तक घरी मिळालं म्हणजे प्रयोगाची परवानगी मिळाली असं नाही. आतल्या पानावर प्रयोगाचे हक्क कोणाकडे आहेत ते छापलेलं असतं, तिथे लेखी परवानगी मागा.

पेन्सिलीबद्दल : आमचा नियम पुस्तकात न लिहिण्याचा आहे, आणि तो मला पटतो. पण दुसऱ्याचं लिहिलेलं खोडणं हे तुमचं काम नाही. देवघेवीच्या टेबलावर ते पान उघडून दाखवा, म्हणजे खाडाखोड तुमच्या नावावर लागणार नाही.

प्रतिसाद २

जुनं पुस्तक मिळालं तरी परत ठेवू नका. त्यातले डिमर (दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारी यंत्रं) आणि दिवे कालबाह्य झालेत, प्रकाश टाकायचे कोन नाहीत. अमेरिकन प्रकाशयोजनाकार स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ मध्ये मांडलेली रीत आजही नवख्याला पहिल्यांदा शिकवतात : नटावर समोरून, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांतून आणि तेवढ्याच कोनात वरून प्रकाश टाकायचा. एक बाजू उबदार रंगाची, दुसरी थंड. एवढ्यानं चेहऱ्याला गोलाई येते. पुस्तकातली रंगांची छापील चित्रं मात्र प्रमाण मानू नका. जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढचा रंगीत पारदर्शक कागद, दिव्यासमोर धरून, नटाला त्याच्या खऱ्या पोशाखात उभं करून बघा. निळ्या जिलेटिनखाली लाल साडी काळी पडते, हे ऐन रंगीत तालमीत कळलं तर फार उशीर होतो.

'संदर्भ' शिक्क्याचं पुस्तक तिथेच बसून वाचा. सोबत वही आणि तुमच्या रंगमंचाचा आराखडा न्या. मी माझं पहिलं नाटक असंच, चार दुपारी वाचनकक्षात बसून मांडलं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आज ७९२ चा खण गाठला. तो तळाशी होता, जमिनीवर बसून चाळला. प्रकाशयोजनेची दोन पुस्तकं मिळाली, एक तर कित्येक वर्षांत कोणी नेलेलंच नाही. प्रतींसाठी अर्ज दिलाय, हक्कांबद्दलचं पत्र उद्या जाईल. समासातलं ते पान ग्रंथपालांना दाखवलं. त्यांनी वाचलं, पुस्तक मिटलं आणि तसंच माझ्या हातात दिलं.

आता एकच विचारायचं राहिलं : आई खुर्चीमागे थांबते तेव्हा चेहऱ्यावर खिडकीचा उजेड हवाय, पण आमच्याकडे बाजूनं दिवा टांगायला आडवा बार (पाइप) नाही. उभ्या स्टँडवरून जमेल का?