मदत हवी आहे: हापूसची पेटी, साका आणि बायनॉमियल. उत्तर ०.५१३ की ०.४९७?

ऐरोलीकर
एफवायच्या स्टॅटिस्टिक्सच्या सरावपत्रिकेतलं गणित आहे. वाशीच्या एपीएमसीत आलेल्या हापूसच्या एका पेटीत ४८ आंबे, त्यातल्या ६ आंब्यांत साका (बाहेरून आंबा ठीक, पण आतला गर खराब झालेला). कोणतेही ५ आंबे काढून कापले. एक्स म्हणजे साका निघालेल्या आंब्यांची संख्या. विचारलंय: (अ) एकातही साका नसण्याची संभाव्यता, (ब) निदान दोनांत साका असण्याची, (क) सरासरी आणि व्हेरिअन्स (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी).

मी बायनॉमियल वितरण लावलं. एन (काढलेले आंबे) ५, पी (एका आंब्यात साका असण्याची संभाव्यता) ६/४८ म्हणजे ०.१२५. (अ) ०.५१३, (ब) ०.०१६, सरासरी ०.६२५, व्हेरिअन्स ०.५४७. मागे छापलेली उत्तरं ०.४९७, ०.१११, ०.६२५ आणि ०.५००. फक्त सरासरी जुळते. छपाईची चूक आहे का? शिवाय ०.६२५ आंब्यात साका म्हणजे काय?

पाचपाखाडी
छापलेलं बरोबर आहे. साका बाहेरून दिसत नाही, आंबा कापावाच लागतो आणि कापलेला आंबा पेटीत परत जात नाही. गणिताची मेख तिथेच आहे. बायनॉमियलला प्रत्येक वेळी पी तोच हवा, आधी काय निघालं त्याचा पुढच्यावर परिणाम नको. इथे पहिला चांगला निघाला की उरले ४७, त्यात चांगले ४१. म्हणून (अ) असं मांडा:

४२/४८ × ४१/४७ × ४०/४६ × ३९/४५ × ३८/४४ = ०.४९६८

पहिला अपूर्णांक ०.८७५, शेवटचा ०.८६४. तुम्ही पाचही ठिकाणी ०.८७५ धरलंत, म्हणून उत्तर फुगलं. या वितरणाला हायपरजिऑमेट्रिक म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, कॅल्क्युलेटरचं एनसीआर बटण (एन वस्तूंतून आर वस्तू किती प्रकारे निवडता येतात ते सांगणारं) पुरेसं आहे.

सूत्राच्या मागे लागण्याआधी तक्ता करा. छेद सगळीकडे ४८ एनसीआर ५, म्हणजे १७,१२,३०४. एक्स २ असेल तर अंश (६ एनसीआर २) × (४२ एनसीआर ३) = १५ × ११,४८० = १,७२,२००. सगळे असे:

एक्स ० : ८,५०,६६८ → ०.४९६८
एक्स १ : ६,७१,५८० → ०.३९२२
एक्स २ : १,७२,२०० → ०.१००६
एक्स ३ : १७,२२० → ०.०१०१
एक्स ४ : ६३० → ०.०००४
एक्स ५ : ६ → जवळजवळ शून्य

अंशांची बेरीज छेदाइतकी आलीच पाहिजे. एकाचाही फरक पडला तर पुढे जाऊ नका, कुठलं तरी एनसीआर चुकलंय. दशांशात बेरीज केली तर ०.९९९९ किंवा १.०००१ येऊ शकतं, ती चूक नव्हे.

नेरुळ_पूर्व
(ब) मध्ये वेगळीच चूक आहे. 'निदान दोन' म्हणजे २ आणि त्यापुढचे सगळे. १ मधून ० आणि १ यांच्याच संभाव्यता वजा करायच्या, तुम्ही २ ची पण केलीत. बायनॉमियलनेसुद्धा इथे ०.१२१ यायला हवं होतं. वरच्या तक्त्यावरून १ − ०.४९६८ − ०.३९२२ = ०.१११०. एक्स सलग मापाचा असता तर टोकाचा आकडा घेतला काय न घेतला काय, फरक पडला नसता. इथे एकेका आकड्याला स्वतःचं वजन आहे, त्यामुळे 'जास्तीत जास्त', 'पेक्षा जास्त' हे शब्द बोट ठेवून वाचा.

ऐरोलीकर
(ब) कळलं, धन्यवाद. पण मग पद्धतच चुकीची असताना सरासरी कशी जुळली?

पाचपाखाडी
कारण बाकीचे चार पाहिलेच नाहीत, तर तिसऱ्या क्रमांकाने काढलेल्या आंब्यात साका असण्याची संभाव्यता पहिल्याइतकीच, ६/४८. पाचही जागांची ती बेरीज केली की ५ × ०.१२५ = ०.६२५. बेरजेला जागा एकमेकींपासून स्वतंत्र असाव्या लागत नाहीत. व्हेरिअन्सला मात्र त्याचा फरक पडतो. एक साका निघाला की पेटीत तो एकाने कमी होतो, म्हणून आकडे सरासरीपासून थोडे कमी लांब जातात. बायनॉमियलच्या ०.५४७ ला (४८ − ५)/(४८ − १) म्हणजे ४३/४७ ने गुणा, ०.५००.

०.६२५ हा आंबा नव्हेच. अशा खूप पेट्यांतून पाच-पाच कापले, तर पेटीमागे सरासरी तेवढे साक्याचे निघतील. एक्स स्वतः कधीच ०.६२५ होत नाही.

नेरुळ_पूर्व
एक भर. ४८०० आंब्यांत ६०० साक्याचे असते आणि तुम्ही ५ कापले असते, तर (अ) चं अचूक उत्तर ०.५१२८ आणि बायनॉमियलचं ०.५१२९. तिथे बायनॉमियल खुशाल वापरा. नमुना एकूण मालाच्या पाच टक्क्यांच्या आत असेल तर सहसा चालून जातं. तुमच्या गणितात तो दहा टक्क्यांच्या वर आहे. प्वासाँ हे तिसरं वितरण इथे लावू नका, (अ) चं उत्तर ०.५३५ येईल. त्याला एन मोठा आणि पी बारीक लागतो.

ऐरोलीकर
तक्ता स्वतः केला, अंशांची बेरीज १७,१२,३०४ आली. व्हेरिअन्स 'एक्सच्या वर्गाची सरासरी वजा सरासरीचा वर्ग' असाही काढून पाहिला: ०.८९१ − ०.३९१ = ०.५००. धागा बंद करायला हरकत नाही.