१९७१ ची सीजे-थ्रीबी: मूळ रूपात आणावी की पोराचं ऐकावं?

मांडववाला_गिरगाव

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९७१ सालची महिंद्राची सीजे-थ्रीबी जीप आहे. पेट्रोल, डाव्या हाताचं स्टिअरिंग. वडिलांनी १९७९ मध्ये सेकंडहँड घेतली, तेव्हापासून घरातच. आमचा धंदा मांडव-डेकोरेशनचा. बांबू, कनाती, सतरंज्या, भटारखान्याच्या कढया, सगळं हिने वाहिलंय. मागच्या फाळक्यावर वडिलांनी पेंटरकडून रंगवून घेतलेलं 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' अजून वाचता येतं. अनंत चतुर्दशीला वाडीचा गणपती चौपाटीवर न्यायचा मान हिचाच. वाळूत ट्रॉली रुतली की पुढची चाकं जोडायची, लोमध्ये (कमी वेगाच्या, जास्त ओढीच्या गिअरमध्ये) टाकायचं आणि क्लच हळू सोडायचा. ॲक्सिलरेटरला पायसुद्धा लावावा लागत नसे. बाजूच्या मंडळाचा ट्रॅक्टर बघत राहायचा.

आता वाडी रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरला मागची शेड रिकामी करून हवीय, म्हणजे गाडीचं काहीतरी करणं आलंच. सद्यस्थिती अशी: इंजिन चालू होतं, पण सकाळी निळा धूर. ब्रेक दोनदा मारला तरच लागतो. पंचेचाळीसच्या पुढे स्टिअरिंग असं थरथरतं की हातातलं घड्याळ निसटेल. सीटखाली पेट्रोलचा वास. हँडब्रेक नावापुरता. ड्रायव्हरच्या पायाखाली पत्रा खाल्लाय, रस्ता दिसतो.

पोरगा म्हणतो इंजिन काढू, प्यूजोचं डिझेल बसवू, पाच गिअर, पॉवर स्टिअरिंग, रुंद टायर, पुढे विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र). मला वाटतं जशी होती तशी व्हावी. पण मीही साठीला आलोय, ते स्टिअरिंग जागेवर फिरवताना खांदे बोलायला लागतात, हे खरं. वापर काय? पावसाळा संपला की गुहागरकडे गावी जायचं, घरापर्यंतचा शेवटचा टप्पा चिखलाचा आहे. आणि भाद्रपदात तिचं ठरलेलं काम.

तर पैसे आधी कुठे घालावेत? डिझेल करावं का? आणि ते व्हिंटेजचं 'व्हीए' नंबर प्रकरण काय आहे? आरसी यंदा, २०२६ मध्येच संपतेय.

बोनेट_उघडा

काका, विकायची असेल तर आधी मला सांगा. आहे त्या स्थितीत उचलतो.

मांडववाला_गिरगाव

विकायची असती तर एवढं कशाला लिहीत बसलो असतो? पुढे बोला.

किंगपिन_कुर्ला

काका, इंजिनाचा वाद तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंत त्यात धूर, ब्रेक, वास यातल्या कशाचीच मला भीती वाटली नाही. भीती वाटली ती चौपाटीची. इतकी वर्षं खारं पाणी आणि वाळू चॅसीत जाऊन बसलीय. चॅसीचे जे भाग पेटीसारखे बंद आहेत त्यांत ओली वाळू साचते आणि पत्रा आतून खाते. बाहेरून काळा रंग मारलेला असतो, काही कळत नाही. अर्ध्या किलोची हातोडी घ्या आणि गाडीखाली झोपा. मागचा क्रॉस मेंबर (चॅसीचा आडवा दांडा), पाट्यांचे म्हणजे स्प्रिंगपट्ट्यांचे हँगर, शॅकलच्या (पाट्याच्या हलत्या टोकाच्या) जागा, बॉडी जिथे चॅसीवर बोल्टने बसते ते कान, एकेक ठोकत जा. टण् वाजलं तर पुढे सरका. ठप् वाजलं किंवा तोंडावर भुगा पडला तर तिथे खडूने फुली मारा. एखाद-दुसरी फुली असेल तर कापून नवा जाड पत्रा घालता येतो. पाट्यांच्या हँगरपाशीच फुल्या आल्या तर मग सगळा हिशोबच वेगळा.

दुसरं, आणि हे लोक हमखास विसरतात. चॅसी सँडब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने गंज काढायला) द्यायच्या आधी चॅसी नंबर शोधा, साफ करा, फोटो काढा, कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या, आणि त्या जागेवर जाड टेपचे थर मारूनच गाडी पाठवा. ब्लास्टिंगवाल्याला नंबर आणि गंज एकच. एकदा आकडे पुसले की आरटीओसमोर तुमच्या सत्तेचाळीस वर्षांच्या मालकीला काही अर्थ उरत नाही.

आता ब्रेक. मूळचे ड्रम ९ इंची, मास्टर सिलिंडर पायाखाली चॅसीवर, तोही एकाच सर्किटचा. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. कशेडी घाटाच्या उतारावर हे नको. नंतरच्या सीजे मॉडेलांचे ११ इंची ड्रम आणि दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, एवढं केलंत तरी गाडी बदलल्यासारखी वाटेल. पोराला डिस्क हवी असेल तर पुढे डिस्कही बसते, पण १६ इंची रिमच्या आत कॅलिपर मोकळा फिरतो का ते आधी चाक लावून बघा, मग पैसे द्या.

थरथर म्हणजे आपल्याकडे मिस्त्री ज्याला बॉबलिंग म्हणतात ते. पहिला शब्द कानावर पडेल 'स्टिअरिंग बॉक्स बदला'. ऐकू नका. पुढचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली हात धरून हलवा. खडखडलं तर हब बेअरिंग किंवा किंगपिनचं (चाक ज्यावर वळतं त्या खिळीचं) बेअरिंग. कोणी ब्रेक दाबून धरला आणि खडखड थांबली तर हब, तरीही राहिली तर किंगपिन. किंगपिनला पातळ शिम (चकत्या) असतात, त्या कमी करून ताण आणता येतो. मग पुढच्या क्रॉस मेंबरवरचा बेलक्रँक (स्टिअरिंगची ओढ चाकांकडे वळवणारा तुकडा) बघा. डाव्या स्टिअरिंगच्या जीपमध्ये दोन्ही चाकांची हालचाल त्या एका पिनवरून जाते आणि ती झिजलेली नाही अशी जुनी गाडी मी तरी क्वचितच पाहिलीय. पिन, बुश आणि नीडल बेअरिंग, फार खर्चाचं काम नाही. हे झाल्याशिवाय पॉवर स्टिअरिंगचा विषय काढू नका, नाहीतर ढिली गाडी हलक्या हाताने थरथरेल एवढंच.

सीटखालचा वास: टाकी तिथेच असते, त्यामुळे गंज की नळी हे उघडूनच कळेल. पण हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं हे लक्षात घ्या. जुन्या पंपाचा डायफ्राम आणि रबरी नळ्या त्यात फुगतात, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की इथेनॉल हवेतला ओलावा ओढून पाणी टाकीच्या तळाला नेतं. मुंबईच्या हवेत तर विचारूच नका. मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम फाटला की पेट्रोल थेट इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर इंजिन फिरवू नका, आधी पंप आणि ऑइल बदला. निळा धूर बघायचा तो त्यानंतर. पंपाचा किट घेताना इथेनॉलला चालणारा आहे का हे विचारून घ्या.

बेअरिंग आणि ऑइल सीलसाठी तुम्हाला लांब जायला नको. जुनं सील खिशात घाला आणि नागदेवी स्ट्रीटला जा, कडेवर माप छापलेलं असतं. बाकी पार्टसाठी ऑपेरा हाउसचा बाजार तुमच्या दारातच. तिथे नाही मिळालं तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर या.

फॉर्म_वीस

कागदांपुरतं बोलतो. जुलै २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, तिच्यात मोठे फेरफार झालेले नकोत. अर्ज फॉर्म २० वर, नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाचे ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं.

मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्याचसाठी. गुहागरची फेरी आणि विसर्जनाची ट्रॉली यात कुठे बसतात ते तुम्हीच ठरवा. माझ्या मते बसत नाहीत. तुम्हाला साधी आरसी चालू ठेवणंच सोयीचं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होतं तेच नूतनीकरण, फक्त २० वर्षांवरच्या चारचाकीचं शुल्क २०२५ पासून १०,००० झालंय. पर्यावरण कर आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट वेगळी.

डिझेलबद्दल: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवर लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी आणि नंतर आरसीवर नोंद. नोंद नसताना अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल.

ठाणे_फोरबायफोर

सगळे काकांना घाबरवताय. पेट्रोलची ही गाडी हायवेला रडते. डिझेल आणि पाच गिअर टाकले की ऐंशीला आरामात पळेल. अशा किती जीपा फिरताहेत, कोण विचारतंय?

किंगपिन_कुर्ला

रडते हे खरं, पण ते इंजिनामुळे नाही. मूळ क्राउन-पिनियन ५.३८ चं आहे, म्हणजे शाफ्टच्या ५.३८ फेऱ्यांना चाकाची एक. ६.००-१६ चा टायर एका फेरीत साधारण सव्वादोन मीटर जातो. गणित करा: ताशी ६० ला इंजिन २,४०० फेऱ्यांच्या आसपास, ८० ला ३,१५० च्या वर. २,१९९ सीसीचं हे इंजिन लांब स्ट्रोकचं, बोअर सव्वातीन इंचाहूनही कमी आणि स्ट्रोक ४ पूर्णांक ३/८ इंच. त्याला तीन हजारांवर तासन्‌तास धरणं आवडत नाही, पण दीड हजारावर ते काय ओढतं ते काकांनी वाळूत पाहिलंय. ७.००-१६ चे टायर घातले तर ८० ला सुमारे २,९५० वर येतं. तेवढं पुरे. त्याहून मोठे टायर म्हणजे ब्रेकवर आणि त्या बिचाऱ्या बेलक्रँकवर भार.

आणि डिझेलचं लोखंड पुढच्या पाट्यांवर बसवायचं तर पाटे बदला, इंजिन माउंट बदला, रेडिएटर सरकवा, एक्झॉस्ट नव्याने वळवा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर कशी बंदी आली ते सगळ्यांनी पाहिलंय. मुंबईत उद्या काय नियम येईल ते मी सांगू शकत नाही. माझा नियम साधा आहे: जे पान्याने लावता येतं आणि पान्याने काढता येतं ते खुशाल करा. डायनमोच्या जागी अल्टरनेटर, फ्री व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून मोकळी करणारे), इलेक्ट्रॉनिक इग्निशन, बरी सीट, तीन पॉइंटचे पट्टे. जिथे गॅसकटर चॅसीला लागतो तिथे थांबा. विंचसुद्धा बोल्टच्या ब्रॅकेटवर बसवा, पोरगा खूश.

मांडववाला_गिरगाव

रविवारी बापलेक दोघे गाडीखाली शिरलो. डाव्या हँगरपासून पुढे सगळं टणटणीत. मागच्या क्रॉस मेंबरच्या मधोमध हातोडी आत गेली आणि वाळू सांडली. पोरगा म्हणाला, 'बाबा, हा तर आपला गणपतीचा प्रसाद.' उजवीकडे एका बॉडी माउंटवर फुली. नंबर सापडला, स्वच्छ वाचता येतो, ठसा घेतलाय. डिपस्टिकला पेट्रोलचा वास होता, ऑइल पाण्यासारखं पातळ.

डिझेल रद्द. पोरगा ११ इंची ड्रम, अल्टरनेटर आणि विंचवर राजी झालाय, टायरवर अजून घासाघीस चालू आहे. आरसीचं नूतनीकरण आधी, गाडी खोलायची ती नंतर, नाहीतर तपासणीला सांगाडा न्यावा लागेल.

एक राहिलंच: हँडब्रेक. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या ड्रमवर लायनर नवे बसवले होते, सहा महिन्यांत पुन्हा तेच. मिस्त्री म्हणतो लायनरच हलके.

किंगपिन_कुर्ला

लायनरला दोष देऊ नका. ड्रम उघडलात तर आत तेल असेल. तो हँडब्रेक चाकांवर नाही, मागच्या प्रोपेलर शाफ्टवर आहे, आणि ट्रान्सफर केसचं आउटपुट सील गळलं की तेल थेट लायनरवर. आधी सील बदला. सील जिथे घासतं त्या योकवर (शाफ्ट जोडणाऱ्या तुकड्यावर) बोटाने चाचपून बघा, खाच लागली तर नवं सीलही गळेल. लेथवाल्याकडून त्यावर स्लीव्ह चढवून घ्या. ट्रान्सफर केसची लेव्हल बघताना गिअरबॉक्सचीही बघा, दोघांमधलं सील गेलं असेल तर एकाचं तेल दुसऱ्यात उतरतं आणि वर भरलेलं ते बाहेरून गळतं. गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं नव्वद नंबरचं ऑइलच घाला, जीएल-५ गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खातं. मग लायनर लावा, रिव्हेटचे.