रोमला दोनच दिवस असतील तर
ताई, मुलगा मिलानहून शनिवार-रविवार रोमला जातोय, आणि सगळ्यांनी कोलोसियमच सुचवलंय. तिथं जाऊ दे, पण सकाळचा निवांत वेळ पँथिऑनला, म्हणजे तिथल्या घुमटाच्या प्राचीन रोमन देवळाला, द्यायला सांगा. आपल्या बेळगावच्या पोरांनी शाळेच्या सहलीत विजापूरचा गोलघुमट बघितलेला असतो, त्यांना हे जास्त भिडतं. गोलघुमट १६५६ चा; पँथिऑनचा घुमट त्याच्या दीड हजार वर्षं आधीचा, आतून सुमारे ४३ मीटर रुंद, आणि सळईशिवाय नुसत्या काँक्रीटचा! वर जाईल तसा घुमट पातळ होतो, काँक्रीटमध्ये ज्वालामुखीचा हलका दगड येतो. माथा उघडाच, पाऊस थेट आत पडतो, पाणी जायला फरशीत छिद्रं आहेत. रेल्वेचं तिकीट मात्र आधीच काढू दे, ऐनवेळी फार महाग पडतं.