१२४ प्रकाशवर्षांवरची गजाल

डिचोलीकर
परवा आमच्या देवळात कीर्तन संपल्यावर बुवांनी मला गाठलं. "काय हो, ते समुद्रवाले परग्रहवासी सापडले ना?" एप्रिल २०२५ ची बातमी अजून अशी फिरतेय! केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाला अवकाशातल्या वेब दुर्बिणीतून १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाच्या हवेत जीवसृष्टीचं लक्षण मानला जाणारा डायमिथिल सल्फाइड वायू, नाहीतर त्याचं भावंड डायमिथिल डायसल्फाइड, असल्याची खूण दिसली, इतकंच. तीही तीन सिग्माची; सिग्मा म्हणजे खूण किती पक्की याचं माप. शोध म्हणायला पाच लागतात, हे त्या गटानेच सांगितलं. पण विद्यापीठाच्या निवेदनाचा मथळा 'आजवरचे सर्वांत सबळ संकेत' असा, आणि सावधगिरी खालच्या परिच्छेदात. बुवांनी मथळा वाचला, त्यांची काय चूक?

ओहोटी
अहो, गाजावाजा झाला म्हणून तर विषय तुमच्या सभामंडपापर्यंत आला. आणि हा वायू आपल्याला कुठे परका आहे? समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तो तयार होतो. किनाऱ्यावर जो 'समुद्राचा वास' येतो त्यात याचा वाटा असतो. झुआरीच्या मुखाशी तो मोजलाही आहे, दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी. बातमी वाचून माझी नववीतली भाची विचारत आली, तेव्हा तिला ओहोटीच्या वेळी खडकांवर घेऊन गेले. सुकत्या शेवाळापाशी नाक मुरडून म्हणाली, "एवढ्यासाठी एवढी मोठी दुर्बीण?" पाठ्यपुस्तकाने तिला कधी इतकं चाळवलं नव्हतं.

डिचोलीकर
भाचीला शाबासकी. पण हाच वायू ६७पी धूमकेतूवरही सापडलाय. तिथे ना शेवाळ, ना बांगडे.

सत्तरीतला_एक
एक अडाणी प्रश्न. तीन सिग्मा म्हणजे चूक असण्याची शक्यता ०.३ टक्के असं वाचलं. मग ९९.७ टक्के जीवसृष्टी आहेच की!

डिचोलीकर
अडाणी नाही बाब, घोळ नेमका इथेच झाला. रात्री दारावर थाप पडली. नुसत्या वाऱ्याने असा आवाज होण्याची शक्यता ०.३ टक्के. म्हणून बाहेर पाहुणाच उभा आहे असं होत नाही, मांजरही असेल. आणि ऑक्सफर्डच्या एका संशोधकाने तीच निरीक्षणं वेगळ्या पद्धतीने तपासली, तर त्याला सपाट रेषेपलीकडे, म्हणजे कुठल्याच वायूची खूण नसण्यापलीकडे, ठोस काही दिसलं नाही. म्हणजे थाप पडली का, इथूनच वाद.

फोंड्याचो_मास्तर
मला २०१० आठवतं. नोव्हेंबरअखेर नासाने आधी पत्रक काढलं, परग्रहावरच्या जीवनाच्या शोधाशी संबंधित मोठी घोषणा म्हणून. मी वर्गात पोरांना सांगून बसलो, उद्या काहीतरी ऐतिहासिक ऐकाल. निघालं काय, तर कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला जीवाणू, जो म्हणे फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर भागवतो. तेही पुढे टिकलं नाही. 'सायन्स' या नियतकालिकाने तो निबंध जुलै २०२५ मध्ये मागे घेतला, लेखकांचा विरोध असताना. ती पोरं आता बापे झाली, त्यांना कोण सांगणार? तेव्हापासून मी 'उद्या' हा शब्द वर्गात जपून वापरतो.

ओहोटी
मास्तर, तुमचा राग समजतो. पण मधुसूदन यांच्या गटाच्या म्हणण्यानुसार पाच सिग्मा गाठायला दुर्बिणीचे आणखी १६ ते २४ तास पुरतील. या दुर्बिणीवर एक हजार कोटी डॉलर खर्च झालेत, लोकांच्या करातले. लोकांना कुतूहलच नसेल तर पुढची दुर्बीण कोण बांधू देईल? कोरड्या भाषेला पैसा मिळत नाही.

डिचोलीकर
म्हणजे पैशासाठी मथळा फुगवला, हे तुम्हीच कबूल केलंत!

ओहोटी
फुगवला म्हणा. खोटं काही लिहिलं नाही. 'संकेत' शब्द मथळ्यातच होता, आपल्याकडे येईपर्यंत गळला. बरं, बुवांना काय सांगणार?

डिचोलीकर
मांजराचा दाखला देईन. ते पूर्वरंगात घेतीलही. उत्तररंगात परत परग्रहवासी आणले तर मात्र मी मागच्या दाराने घरी.