झाडातल्या 'करंट'ला मराठीत काय म्हणावं? (आणि 'आयन'चं 'अयन'शी नातं आहे का?)

मुलुंडकर_मामा: बहिणीची पोरगी सुट्टीत आलीये, आठवीतली, मराठी मिडियम. बाल्कनीतल्या लाजाळूला दिवसभर बोटं लावून पार हैराण केलं आणि मग विचारते, मामा ह्याला नसा नाहीत तर कळतं कसं? मी म्हटलं आतून करंट जातो. तर म्हणे प्लगमधला?? झालं, माझी गाडी तिथेच अडली. आयनांचं (म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांचं) 'वहन' म्हणू की 'प्रवाह'? आणि अ‍ॅक्शन पोटेन्शियलला, म्हणजे पेशीतून पेशीत सरकत जाणाऱ्या त्या विजेच्या झटक्याला, काही बोलता येण्यासारखा शब्द? 'क्रियाविभव' माहितीये, तो नको.

कुंडीवाली: वहन नकोच, वहन म्हटलं की तार डोळ्यासमोर येते. इथे आयन काही पानापासून देठापर्यंत धावत नाहीत, ते त्या त्या पेशीच्या पटलातून आडवे आत-बाहेर करतात, लांब जाते ती फक्त खबर. म्हणून सरळ 'ये-जा' म्हणा. पेशी गप्प असते तेव्हा तिच्यातला पंप धन हायड्रोजन आयन सारखे बाहेर टाकत असतो, त्यामुळे आतली बाजू ऋण, साधारण १२० ते १८० मिलीव्होल्टने (आपल्या चेतापेशीत ७०च्या आसपास). बोट लागलं की कॅल्शियम आत येतं, त्याने क्लोराइडची दारं उघडतात आणि ऋण क्लोराइड दादर आल्यासारखं भसाभस बाहेर, मग आतलं ऋणपण उतरणारच ना. नंतर पोटॅशियम बाहेर पडून गाडी पूर्वपदावर. आपल्याकडे सोडियम आत घुसून जे करतं ते झाडात क्लोराइड बाहेर पडून करतं, मला हे फार आवडतं.

जुना_पोथीवाला: आयनाच्या नावातच जाणं आहे हो! फॅरेडेने १८३४मध्ये हा शब्द वापरात आणला, सुचवला व्हेवेल नावाच्या विद्वानाने, ग्रीकमध्ये अर्थ 'जाणारा'. आपल्या उत्तरायण-दक्षिणायनातलं 'अयन' म्हणजेही जाणं, धातू 'इ'. आपला 'आयन' तिथून आलेला नाही, तो इंग्रजी उच्चारावरूनच घेतलाय, पण ग्रीक आणि संस्कृत दोन्ही धातू मुळात एकच, म्हणजे चुलतभाऊच. गंमत बघा, 'धनायन' धन + आयन असं फोडा नाहीतर धन + अयन, संधी तोच.

मुलुंडकर_मामा: वा! आणि अ‍ॅक्शन पोटेन्शियल?

जुना_पोथीवाला: शाळेच्या पुस्तकात चेतापेशीसाठी 'आवेग' असतो, तोच घ्या.

सणकी_माहीमकर: आवेग म्हटलं की नाटकातला नट आठवतो. माझं मत 'सणक'. दातात जाते तशी. अचानक येते, पुढे सरकते, आणि आली तर पूर्ण नाहीतर नाहीच, अर्धी सणक कोणी ऐकलीये?

कुंडीवाली: शब्द झकास पण सणक म्हणजे दुखणं आलं. झाडाला दुखतं असं पोरांच्या डोक्यात बसलं की निघत नाही. जगदीशचंद्र बोसांनी १९२६च्या पुस्तकाच्या नावातच झाडांना 'नर्व्हस' यंत्रणा देऊन टाकली, त्या शब्दावरून अजून लोक भांडतायत. शिवाय लाजाळूत ही सणक सेकंदाला दोनतीन सेंटिमीटर, इतकी आळशी सणक असते का?

सणकी_माहीमकर: बरं मग पान मिटतं त्याला तरी काय म्हणणार, पाणीगळती? 😄

कुंडीवाली: त्याला तर आपल्याकडे फस्क्लास शब्द आहे, 'ताठा'. देठाच्या बुडाशी फुगीर सांधा असतो ना, त्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम-क्लोराइड बाहेर पडलं की मागोमाग पाणीही जातं, पेशी ढिल्या पडतात. ताठा उतरला की पान खाली.

मुलुंडकर_मामा: वाचून दाखवलं तिला. आवेग, सणक दोन्ही नापास. वहीत लिहिलंय, 'आयनांची ये-जा होते, खबर जाते, ताठा उतरतो.' आता परत बाल्कनीत गेलीये, घड्याळ घेऊन, ताठा परत यायला किती वेळ लागतो ते मोजायला.