रिपोर्टात 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' आलं, म्हणजे मी बरा झालो का?

केळीवाला, चोपडा तालुका
राम राम मंडळी. एचआयव्हीसाठी टीएलडी (एका गोळीत तीन औषधं) चालू होऊन सव्वा वर्ष झालं. रात्री जेवल्यावर एक गोळी. डबी पिशवीत खुळखुळते, म्हणून घरचाच कापूस कोंबून ठेवतो आत. काल व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती त्याचा, रिपोर्ट मिळाला, त्यावर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. खिडकीतल्या बाईंनी "मस्त आहे" म्हटलं अन् पुढचा नंबर पुकारला. मागच्या वेळी सीडी४ ४६० होता, यंदा केलाच नाही. घरात फक्त काकांना माहिती आहे. ते म्हणतात, निगेटिव्ह झाला, आता बस कर गोळ्या. खरं काय?

धुळ्याची ताई
काकांचं ऐकू नको रे भाऊ! मी २००९ पासून खाते, तेव्हा सकाळ-संध्याकाळ खाव्या लागायच्या. टार्गेट म्हणजे विषाणू. मशीनला सापडेल इतका तो रक्तात नाही, एवढंच. मीही असाच रिपोर्ट बघून हरखले होते. खाजगी लॅबमध्ये जाऊन साधी एचआयव्ही टेस्ट केली, तर रिॲक्टिव्हच, म्हणजे पॉझिटिव्हच. पैसे गेले ते गेले. ती टेस्ट अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला अंगाने बनवलेले घटक, बघते, आणि त्या अंगात राहतातच.

यावलकर (आधी समुपदेशक होतो)
कपाशीतला लव्हाळा खुरपला की वर काही दिसत नाही, पण गाठी खालीच असतात. तसाच हा विषाणू काही पेशींत झोपून राहतो, आणि झोपलेल्यावर गोळी चालत नाही. गोळी सोडली की बहुतेकांचा लोड काही आठवड्यांत वर येतो. खाडे केले तर रेझिस्टन्स, म्हणजे तीच गोळी पुढे लागू पडत नाही.
सीडी४ म्हणजे अंगातले रोगाशी लढणारे शिपाई, त्या पेशी. ते बरे असले आणि लोड दबलेला असला, की दर वेळी मोजत नाहीत. लोड असाच दबलेला राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे मात्र बाईंनी सांगायला हवं होतं.

केळीवाला
कंबरेसाठी कॅल्शियम चालू आहे. गावातल्या डॉक्टरांना एचआयव्हीचं सांगितलेलं नाही.

यावलकर
टीएलडीतल्या डोलुटेग्रावीरला उपाशीपोटी कॅल्शियम आडवं येतं. जेवणाबरोबर दोन्ही घेतली तर चालतं. नाहीतर टीएलडी कॅल्शियमच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर. एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, ही कॅल्शियमची गोळी दाखवाच.

केळीवाला
काकांना लव्हाळ्याचं सांगितलं. जरा वेळ गप्प बसले. मग म्हणे, डबीत गोळ्या किती उरल्या?